सोडचिठ्ठी आणि चारित्र्याचा दाखला

लेखकांची पत्रे जपली जातात, रोजनिशा जपल्या जातात, क्वचित वाण्याच्या याद्यादेखील काचेच्या कपाटात जाऊन बसतात. त्यांचे करारनामे, राहण्याचे परवाने, नोकरी सोडल्याचे दाखले यांकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकाची नजर सहसा वळत नाही. ते कागद कंटाळवाणे असतात हे कबूल केले पाहिजे. परंतु ज्या लेखकांनी आयुष्याची उमेदीची वर्षे परमुलुखात भाषा शिकवण्यात घालवली, त्यांच्या बाबतीत या कागदांकडे दुर्लक्ष करून चालत नाही असे आम्हांला वाटते. परदेशी शिक्षक एका शहरातून दुसऱ्या शहरात का गेला, एका वर्षी तो लिहिता का झाला आणि दुसऱ्या वर्षी गप्प का झाला, याची उत्तरे पुष्कळदा त्याच्या मनःस्थितीपेक्षा त्याच्या परवान्यात सापडतात.

या कागदांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक मागे पाहतो: हा माणूस कोण, कुठला, याच्या नावावर काही गुन्हा आहे काय. त्याला आपण चारित्र्याचा दाखला म्हणू. दुसरा पुढे पाहतो: आहे ती नोकरी सोडून दुसरी धरायला याला मोकळीक आहे काय. त्यासाठी इंग्रजीत 'रिलीज लेटर' असा शब्दप्रयोग रूढ आहे. आपल्या भाषेत त्याला सोडचिठ्ठीइतका नेमका शब्द नाही. पहिला कागद सरकार मागते, दुसरा मालक देतो किंवा देत नाही. परदेशी शिक्षकाचा इतिहास हा या दोन कागदांमधल्या चिंचोळ्या जागेत घडलेला आहे.

आरंभ लाफ्काडिओ हर्नपासून करणे सोयीचे. हर्न १८९०च्या एप्रिलमध्ये योकोहामाला उतरला तो अमेरिकी नियतकालिकासाठी लिहिणारा पत्रकार म्हणून. प्रकाशकांशी लवकरच बिनसले आणि हाती काही उरले नाही. तेव्हा दोन माणसे त्याच्या उपयोगी पडली. एक, तोक्यो विद्यापीठातील प्राध्यापक बेसिल हॉल चेंबरलेन. दुसरे, शिक्षणखात्यातील अधिकारी हात्तोरी इचिझो. न्यू ऑर्लिन्सच्या १८८४-८५च्या प्रदर्शनात जपानी विभागाची व्यवस्था हात्तोरी पाहत होते आणि हर्नने त्या प्रदर्शनावर लिहिले होते, एवढीच ती ओळख. या ओळखीच्या बळावर हर्नला मात्सुए या आडबाजूच्या गावातील माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार दरमहा १०० येन.

ही नोकरी म्हणजे नुसती नोकरी नव्हती, ती राहण्याची परवानगीही होती. त्या काळच्या तहांनुसार परकीयांना योकोहामा, कोबे, नागासाकी अशा ठरावीक बंदरांतच मुक्तपणे राहता येई. आत देशात जायचे तर प्रवासपत्र लागे आणि त्यात प्रकृतिस्वास्थ्य किंवा शास्त्रीय संशोधन असे काहीतरी कारण नमूद करावे लागे. इझाबेला बर्डच्या १८८०च्या प्रवासवर्णनात तिच्या प्रवासपत्रावरील अटींची गंमतीदार यादी आहे: रानात आग लावू नये, देवळांवर नावे खरडू नयेत, अरुंद रस्त्यावर वाहन भरधाव हाकू नये. देशाच्या आतल्या भागात घर करून राहायचे, तर कोणी जपानी मालक हवा आणि त्याच्याशी केलेला करार हवा. करार संपला की घरही संपले. परकीयांना देशभर राहण्याची मुभा मिळाली ती १८९९मध्ये, नवे तह अमलात आल्यावर. हर्नच्या मात्सुएवरील लेखनात जो हळवा, जणू काही क्षणात हरवेल असा स्वर आहे, त्याची मीमांसा आजवर स्वभावाच्या अंगाने पुष्कळ झाली. त्याच्या तिथल्या वास्तव्यालाच मुदत होती, ही साधी गोष्ट त्या मीमांसेत यायला हवी.

आता पहिल्या कागदाचा विचार करू. हर्नची पूर्वपीठिका कोणी तपासली असती तर? १८७४मध्ये सिनसिनाटीत त्याने अलेथिया फोली या मिश्रवंशीय स्त्रीशी विवाह केला होता. ओहायो राज्याच्या तेव्हाच्या कायद्याला असा विवाह मान्य नव्हता. पुढच्याच वर्षी त्याला वर्तमानपत्राने कामावरून काढले. म्हणजे ज्या गोष्टीत आज आपल्याला त्याच्या वृत्तीचा मोठेपणा दिसतो, तीच गोष्ट एखाद्या कारकुनाने विहित नमुन्यात उतरवली असती तर तो डाग ठरला असता. सुदैवाने असा नमुना अजून जन्माला यायचा होता. मात्सुएच्या शाळेला दोन भल्या माणसांचा शब्द पुरेसा वाटला.

हर्न १८९१च्या नोव्हेंबरात कुमामोतोच्या सरकारी उच्चविद्यालयात गेला. पगार दुप्पट झाला; गाव त्याला आवडले नाही. १८९४मध्ये तो कोबेला वर्तमानपत्रात गेला. कोबे हे मोकळे बंदर होते, तिथे राहायला मालकाची गरज नव्हती, हा योगायोग नसावा. परंतु तोवर त्याचा सेत्सु कोइझुमीशी संसार सुरू झाला होता, मुलगा झाला होता, आणि एक नवाच पेच उभा राहिला. १८७३च्या जपानी हुकुमानुसार परकीयाशी विवाह करणारी जपानी स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे. विवाहाची रीतसर नोंद केली तर सेत्सु ब्रिटिश प्रजाजन होणार आणि जपानात जमीनजुमला बाळगण्याचा हक्क घालवणार. न केली तर हर्नच्या माघारी तिला आणि मुलाला काही मिळणार नाही. त्याच हुकुमात एक उलट वाटही होती: परकीय पुरुषाने पत्नीच्या घराण्यात घरजावई म्हणून दत्तक जावे. १८९६मध्ये हर्नने ती पत्करली आणि तो कोइझुमी याकुमो झाला. पौर्वात्य संस्कृतीच्या प्रेमापोटी त्याने हे केले, असे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकी टिपणांत लिहिलेले असते. प्रेम होतेच; पण निर्णयाला तोंड फोडले ते वारसाहक्काच्या कलमाने.

त्याच वर्षी तोयामा मासाकाझु यांच्या बोलावण्यावरून हर्न तोक्योच्या विद्यापीठात गेला. परदेशी तज्ज्ञाला जपानी सरकार जपानी माणसाच्या कितीतरी पट पगार देत असे. आता प्रश्न असा की, कागदोपत्री जपानी झालेला कोइझुमी याकुमो परदेशी पगार कोणत्या आधारावर मागणार? सहासात वर्षे हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. १९०३च्या जानेवारीत मात्र करार पुढे चालणार नाही असे पत्र त्याला आले. विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, पण निर्णय फिरला नाही. त्याच्या जागी जे आले त्यांत लंडनहून नुकतेच परतलेले नात्सुमे सोसेकी होते. (सोसेकी त्याआधी कुमामोतोच्या त्याच उच्चविद्यालयात शिकवत होते, जपानी साहित्याचा अर्वाचीन इतिहास दोनचार शिक्षकखोल्यांत घडला की काय असे कधीकधी वाटते.) हर्न १९०४मध्ये वासेदा विद्यापीठात लागला आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला वारला. त्याची व्याख्याने विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या वह्यांवरून पुढे न्यूयॉर्कला छापली गेली. वारसाहक्क मिळवण्यासाठी जो कागद केला, त्यानेच नोकरीचा पाया भुसभुशीत केला, असे म्हणायला जागा आहे.

शिफारशीची जागा नोंदीने कशी घेतली, हा एक वेगळा आणि मोठा विषय. फ्रान्समध्ये १८५०च्या सुमारास प्रत्येक नागरिकाच्या शिक्षांची नोंद त्याच्या जन्मस्थानच्या न्यायालयात ठेवण्याची पद्धत सुरू झाली. आजच्या बहुतेक 'गुन्हेगारी नोंद' दाखल्यांचे मूळ तिथे शोधता येते. दुसरा धागा आपल्या देशातला आहे. बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७मध्ये कलकत्त्यात उघडले. एडवर्ड हेन्रींच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांच्या गणिती डोक्याचा मोठा वाटा होता. आज अमेरिकेतील कोणी तरुण पदवीधर परदेशात शिकवायला निघताना दहाही बोटे कागदावर उमटवून संघीय तपासयंत्रणेकडे धाडतो, तेव्हा तो वसाहतीच्या बंगालमध्ये बसवलेल्या घडीतूनच जात असतो. तिसरा धागा पहिल्या महायुद्धाचा. १९१४पूर्वी युरोपात पारपत्राशिवाय फिरणे शक्य होते. युद्धाने ती मोकळीक संपवली आणि १९२०च्या पॅरिस परिषदेने पारपत्राचा नमुना ठरवून ती तात्पुरती व्यवस्था कायमची केली.

या उंबरठ्यावर जेम्स जॉइस सापडला. १९०४मध्ये नोरासह डब्लिन सोडताना झुरिकच्या बर्लिट्झ शाळेत जागा आहे असे त्याला एका मध्यस्थाने सांगितले होते. तिथे जागा नव्हती. त्रिएस्तेला धाडले, तिथेही नव्हती. शेवटी पोला या ऑस्ट्रियाच्या आरमारी बंदरात तो नौदलाच्या अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवू लागला आणि पुढच्या वर्षी त्रिएस्तेत आला. दहा वर्षे सुखाने नाही तरी निर्वेधपणे गेली. महायुद्ध सुरू होताच त्याच शाळेत शिकवलेला त्याचा भाऊ स्टॅनिस्लॉस ब्रिटिश प्रजाजन म्हणून १९१५च्या जानेवारीत नजरकैदेत पडला, तो युद्ध संपेपर्यंत. जॉइसला त्याच वर्षी जूनमध्ये, युद्धात भाग न घेण्याच्या वचनावर, स्वित्झर्लंडला जाऊ देण्यात आले. 'युलिसिस'च्या अखेरीस तीन शहरांची नावे आहेत. ती आपण लेखकाच्या भटकंतीची खूण म्हणून वाचतो. परवान्यांची यादी म्हणूनही ती वाचता येतात.

विल्यम एम्प्सनची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण समीक्षेच्या विद्यार्थ्यांना तो परिचित आहे. १९२९मध्ये त्याच्या खोलीत संततिनियमनाची साधने सापडली म्हणून केंब्रिजच्या त्याच्या महाविद्यालयाने त्याला घालवले आणि नोंदवहीतून नावही खोडले. संदिग्धतेच्या सात प्रकारांवरील त्याचा ग्रंथ १९३०मध्ये आला. १९३१मध्ये तो तोक्योला शिकवायला गेला. आय. ए. रिचर्ड्स यांचा शब्द पाठीशी होता. पुढे १९३७मध्ये तो पेकिंग विद्यापीठासाठी निघाला तेव्हा जपानी आक्रमण सुरू झाले होते. विद्यापीठ पळत होते आणि त्याच्यासोबत हाही. पुस्तके मागे राहिलेली, त्यामुळे कविता आठवून आठवून फळ्यावर लिहायच्या. अशा शिक्षकाकडे वर्तणुकीचा दाखला मागितला असता तर त्याच्या महाविद्यालयाने काय लिहून दिले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

एक मराठी नाव इथे घेतलेच पाहिजे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतून जगभर फिरून १९२४च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिक्षक झाले. मक्यावरील त्यांच्या संशोधनाचा तिथे मोठा गौरव झाला. दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवले. ब्रिटिशांच्या लेखी मात्र ते काळ्या यादीतले नाव होते. चमत्कारिक भाग असा की, देश स्वतंत्र झाल्यावरही ती यादी एकदम मेली नाही आणि मायदेशी येताना खानखोज्यांना तिचा अडथळा झाला. ते कायमचे परतले १९५५मध्ये. नोंद ठेवणारी सत्ता जाते, नोंद मागे उरते. तिला कोणी खोडायला सांगितलेले नसते.

आता आम्ही अलीकडच्या काळाकडे वळतो. परदेशी शिक्षकांच्या कागदपत्रांचा सर्वांत बोलका इतिहास दक्षिण कोरियाचा आहे.

किम यंग-साम यांच्या कारकिर्दीत, १९९०च्या दशकाच्या मध्यावर, 'जागतिकीकरण' हे तिथे सरकारी घोषवाक्य झाले. सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक आणण्याची योजना १९९५मध्ये सुरू झाली; १९९७पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आले. त्याहून मोठी मागणी खाजगी शिकवणीवर्गांची, ज्यांना तिकडे 'हागवॉन' म्हणतात. या शिक्षकांसाठी 'ई-२' नावाचा व्हिसा असे. अटी मोजक्या होत्या: सात देशांपैकी एकाचे पारपत्र (अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका), कोणत्याही विषयातील पदवी आणि मालकाशी करार. शिकवण्याचे शिक्षण असायलाच हवे असे नव्हते. भाषा कोणाची मातृभाषा आहे, हे पारपत्राच्या रंगावरून ठरवण्याची ही रीत भाषाशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हास्यास्पद वाटेल. पण कारकुनाला रंग दिसतो, भाषा दिसत नाही. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार २०१०च्या १ जानेवारीपासून अमलात आला तेव्हा भारतीयांसाठी सरकारी शाळांतील साहाय्यक इंग्रजी शिक्षकाचे दार किलकिले झाले. अट मात्र अशी की, त्यांच्याकडे पदवीखेरीज शिक्षकाची पात्रताही हवी.

हा व्हिसा माणसाला नव्हे, माणूस-मालक या जोडीला मिळे. करार पुरा झाला की शिक्षकाला नवा मालक शोधून कागद बदलता येत. करारातच मोडता घालायचा असेल तर जुन्या मालकाची लेखी संमती लागे. कोरियन भाषेत तिचे नाव 'इजोक तोंगुइसो', म्हणजे स्थलांतराचे संमतिपत्र. त्यातला 'इजोक' हा शब्द फुटबॉलपटू एका संघातून दुसऱ्यात जातो त्यालाही वापरतात. इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकांनी मात्र त्याला 'रिलीज' म्हटले, जणू काही तुरुंगातून सुटका. एकाच कागदाची ही दोन नावे शेजारी ठेवली की मालकाला काय दिसत होते आणि नोकराला काय, ते वेगळे सांगावे लागत नाही. संमती न मिळाल्यास देश सोडून बाहेरून नवा व्हिसा आणायचा. त्यासाठी शिक्षक बुसानहून समुद्र ओलांडून जपानातील फुकुओकाला जात. तिथल्या कोरियन वकिलातीत कागद द्यायचे, एकदोन रात्री स्वस्त खोलीत काढायच्या, शिक्का घेऊन परतायचे. ही फेरी इतकी रुळली की तिला बोलीत स्वतंत्र नाव मिळाले.

सोडचिठ्ठीचे खरे वजन समजण्यासाठी आणखी एक तरतूद ध्यानात घ्यावी लागते. कोरियन कायद्याने वर्षभर काम केलेल्याला नोकरी सोडताना एका महिन्याच्या सरासरी पगाराइतकी रक्कम द्यावी लागते. साहजिकच अकराव्या महिन्यात काहीतरी कारण काढून शिक्षकाला घालवण्याच्या तक्रारी वारंवार होत. अशा शिक्षकापुढे पर्याय काय? मजूर कार्यालयात दाद मागावी, तर निकाल लागेपर्यंत राहायचे कोणत्या परवान्यावर? मुकाट्याने दुसरीकडे जावे, तर चिठ्ठी त्याच मालकाच्या खणात. प्रत्येक मालक दुष्ट नव्हता, हे सांगायला नको. बहुतेकांनी चिठ्ठ्या दिल्याही असतील. पण जी गोष्ट हक्काने मिळायची ती मर्जीने मिळू लागली की भाषा बदलते, वर्गातला आवाज बदलतो. मर्जीवर जगणाऱ्या मास्तरांच्या कथा मराठीला नव्या नाहीत.

आखाती देशांत याच कागदाचे नाव 'ना हरकत प्रमाणपत्र', आणि तिथे गेलेल्या कितीतरी मराठी शिक्षकांना ते तोंडपाठ असे. कतारने २०२०मध्ये ती अट रद्द केली. त्याविषयी स्वतंत्र लिहायला हवे; येथे फक्त नोंद करून पुढे जातो.

पहिला कागद, म्हणजे चारित्र्याचा दाखला, कोरियात उशिरा आला आणि आला तो खळबळीतून. २००५च्या आरंभी परदेशी शिक्षकांच्या वर्तनावरून तिथे मोठे वादळ उठले. काही अश्लाघ्य लेखन आणि एका मेजवानीची छायाचित्रे हे निमित्त. त्यातून एक नागरिक-गट उभा राहिला आणि त्याने परदेशी शिक्षकांच्या मादकद्रव्य व एड्सविषयक चाचण्यांची मागणी लावून धरली. मग २००७ उजाडले. त्या उन्हाळ्यात सेऊलच्या दोंगुक विद्यापीठातील एका प्राध्यापिकेची येल विद्यापीठाची पदवी बनावट निघाली. ती बाई कोरियनच होती. आणि विद्यापीठाने नेमणुकीच्या वेळी पडताळणी केली नव्हती असेही नाही: येलने पदवी खरी असल्याचे कळवले होते आणि ते चुकीने कळवले, हे पुढे येलनेच मान्य केले. म्हणजे दाखला खोटा, दाखल्याचा दाखला खरा पण चुकीचा. एम्प्सनला यात आठवा प्रकार सापडला असता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात कोरियात शिकवत असलेला एक कॅनडियन शिक्षक थायलंडमध्ये पकडला गेला. मुलांच्या लैंगिक शोषणाचा आरोप, आंतरराष्ट्रीय पोलिसांनी जगभर प्रसृत केलेले छायाचित्र, पुढे झालेली शिक्षा, हे सारे सर्वश्रुत आहे. कोरियन पालक हादरले असतील तर त्यांना दोष देता येत नाही. दोन महिन्यांच्या आत, १५ डिसेंबर २००७ पासून, ई-२ व्हिसासाठी मायदेशातील गुन्हेगारी नोंदीचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि वकिलातीतील मुलाखत अशी नवी चौकट लागू झाली. मुलांना शिकवणाऱ्याची पूर्वपीठिका तपासावी, हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. ते न मानणारा शिक्षक विरळा. पण ज्या माणसामुळे नियम आला त्याच्या नावावर तोवर एकही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. नवा नियम आधीपासून असता तरी तो माणूस त्यातून सहज पार झाला असता.

दाखल्याचेही स्तर चढत गेले. प्रथम अमेरिकेतील एखाद्या राज्याचा दाखला चाले. २०११पासून संघीय पातळीचाच हवा असे ठरले. ठसे द्यायचे, ते वेस्ट व्हर्जिनियातील नोंदकार्यालयात धाडायचे, आलेला कागद वॉशिंग्टनला पाठवून त्यावर 'अपोस्टिल' नावाची मोहोर घ्यायची, मग तो कोरियाला. ही मोहोर १९६१च्या हेग कराराची. करारातील एका देशाने आपल्याच कागदावर ती उमटवली की दुसऱ्या देशाने कागद प्रमाण मानायचा. भारत त्यात २००५मध्ये आला, कोरिया २००७मध्ये, चीन २०२३मध्ये आणि कॅनडा चक्क २०२४मध्ये. त्यामुळे कॅनडियन शिक्षकाला वर्षानुवर्षे नोटरी आणि वकिलात असा लांबचा फेरा पडे. कागदाला वयही असते: सहा महिन्यांपूर्वीचा दाखला शिळा. नोकरी बदलणारा शिक्षक म्हणूनच दोन घड्याळांमध्ये सापडे. इकडे करार संपत आलेला, तिकडे पाकीट टपालात.

अपोस्टिलची मोहोर कागदाच्या मजकुराविषयी काहीच बोलत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सही खरी आहे, सही करणारा अधिकारी आहे, एवढेच ती सांगते. मजकूर खरा की खोटा, याची हमी कोणीच घेत नाही.

वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची चाचणी होती. तिचे समर्थन कठीण होते, कारण वर्गात शिकवण्याशी त्या विषाणूचा संबंध काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. कोरियाने २०१०च्या आरंभी एचआयव्हीबाधितांवरील प्रवेशनिर्बंध उठवल्याचे जाहीर केले, तरी इंग्रजी शिक्षकांची चाचणी सुरूच राहिली. ती कोरियन नागरिक असलेल्या शिक्षकांना नव्हती. वंशाने कोरियन असलेल्या, पण अमेरिकी किंवा कॅनडियन पारपत्र बाळगणाऱ्या शिक्षकांनाही नव्हती. शेजारशेजारच्या वर्गांत तेच पुस्तक शिकवणाऱ्या दोघांपैकी एकाचे रक्त संशयित आणि दुसऱ्याचे नाही, याचा अर्थ उघड होता.

उल्सान शहरातील न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने तो मोठ्याने उच्चारला. नोकरीवर आल्यावर तिने चाचणी दिलीही होती. २००९मध्ये कराराच्या नूतनीकरणासाठी पुन्हा द्या, असे सांगण्यात आले तेव्हा तिने नकार दिला. तिच्याविषयी वर्गातील कामाची कसली तक्रार नव्हती. करार वाढवला गेला नाही आणि तिला देश सोडावा लागला. कोरियातील दारे बंद झाल्यावर २०१२मध्ये तिचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीपुढे गेले. निवेदनात तिचे नाव नाही, फक्त दोन आद्याक्षरे आहेत. समितीने १ मे २०१५ रोजी मत दिले की, ही चाचणी सार्वजनिक आरोग्याच्या वा अन्य कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही आणि तिने कामाच्या हक्काचा वंशाच्या आधारावर भंग होतो. कोरियाच्या मानवी हक्क आयोगाने २०१६मध्ये चाचणी थांबवण्याची शिफारस केली. २०१७च्या जुलैत न्यायमंत्रालयाने ती रद्द केली. गुन्हेगारी नोंदीचा दाखला कायम राहिला, सोडचिठ्ठीही राहिली.

नुकसानभरपाईचा दावा सेऊलच्या जिल्हा न्यायालयात चालला. २०१९च्या ऑक्टोबरात न्यायालयाने सरकारला तीन कोटी वॉन देण्याचा आदेश दिला. त्या शिक्षिकेला उल्सान सोडून तोवर दहा वर्षे झाली होती.